फूड टेक्नॉलॉजीला प्रवेश: अर्ज कुठे करायचा आणि तो कुठे अडकतो

‘फूड टेक्नॉलॉजीचा फॉर्म कुठे भरायचा?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, कुठल्या फूड टेक्नॉलॉजीचा? चार वर्षांची ही बी.टेक. पदवी महाराष्ट्रात दोन वेगवेगळ्या घरांत शिकवतात. एक घर कृषी विद्यापीठांचं. परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय, १९७६ सालचं, त्यातलं जुनंजाणतं. दुसरं अभियांत्रिकीचं. मुंबईची आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, तिथली, आणि जळगाव व कोल्हापूर इथल्या विद्यापीठांचे विभागही तिथलेच. सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, दोघांना एकच, एमएचटी-सीईटी. पण निकालानंतर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी दोन्हीकडे वेगळी आणि वेळापत्रकही वेगळं. एक फॉर्म भरून पोरं निवांत बसतात आणि दुसऱ्या बाजूची मुदत निघून जाते. दरवर्षी.

त्याहून वाईट म्हणजे सीईटीचा अर्ज हाच प्रवेशाचा अर्ज समजणं. तो फक्त परीक्षेचा अर्ज. गुण कितीही चांगले असोत, कॅपची नोंदणी केली नाही तर गुणवत्ता यादीत नाव येतच नाही.

बारावीच्या विषयगटाचं आधी बघा. अभियांत्रिकीच्या बाजूला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. गुण खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के, राज्यातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के. जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांना वाट आहे ती कृषीकडून, आणि तिथेही त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतली विषयांची अट वाचूनच पुढे जा. मागच्या वर्षीची पुस्तिका व्हॉट्सॲपवर फिरत असते, तिच्यावर विसंबू नका. नावातही फसगत होते. बी.एस्सी. फूड सायन्स, बी.व्होक. आणि बी.टेक. हे तीन निराळे अभ्यासक्रम आहेत.

अर्ज भरणं, फोटो-सही चढवणं, शुल्क भरणं, हे तासाभराचं काम. अडतं ते कागदांवर.

सगळ्यात जास्त रडवतं ते जात वैधता प्रमाणपत्र. जातीचा दाखला असला की झालं, असं घरच्यांना वाटतं. तसं नाही. पडताळणी समितीला पुरावा जुना लागतो: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा किंवा कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली, नोंद. आजोबा शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचा, चुलत्याचा उतारा शोधायचा आणि वंशावळीचं शपथपत्र जोडायचं. पालावर वाढलेल्या माणसाच्या नातवाकडे १९६१ पूर्वीचा कागद मागणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, हे आपलं नशीब. पण नियम आहे, तेव्हा अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. काही वर्षी सरकारने अर्जाच्या पावतीवर तात्पुरता प्रवेश दिला आहे, पण ती सवलत जाहीर झाली तरच. आणि मिळाली तरी मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर राखीव जागा जाते.

नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे कुटुंब उन्नत गटात नसल्याच्या दाखल्याची, चूक वेगळीच. लोक काढल्याची तारीख बघतात, संपण्याची बघत नाहीत. प्रमाणपत्र पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावं लागतं. प्रवेश २०२६-२७ चा असेल तर ३१ मार्च २०२७. ‘अजून चालू आहे की’ म्हणत जूनमध्ये आणलेल्या प्रमाणपत्रावर ३१ मार्च २०२६ छापलेलं मी कितीदा पाहिलंय. तहसीलची गर्दी जूनमध्ये असते, एप्रिलमध्ये नसते.

शाळा सोडल्याचा दाखला आज रात्रीच काढून बघा. त्यावर राष्ट्रीयत्व ‘भारतीय’ आणि जन्मस्थळ स्पष्ट लिहिलेलं आहे का? नसेल तर वेगळं राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र लागेल. दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली एवढ्याने भागत नाही. सोबत जन्म इथला किंवा अधिवास इथला, यातलं एक हवं. सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना मात्र अभियांत्रिकी प्रवेशात वेगळा प्रकार आहे, त्याची कागदपत्रं निराळी.

कृषीच्या अर्जात शेतकरी कुटुंबाला भारांक, म्हणजे गुणवत्तेत जादा वजन, मिळतो. इथे सातबारा आजोबांच्या नावावर आणि अर्जात वडिलांचं नाव, अशी गाठ पडते. नुसता सातबारा जोडून मोकळे होऊ नका. पुस्तिकेत दाखल्याचा नमुना छापलेला असतो, तो घेऊनच तलाठ्याकडे जा आणि नातं कसं दाखवायचं ते तिथेच विचारा.

हरियाणातलं कुंडली आणि तमिळनाडूतलं तंजावर इथल्या निफ्टेम या केंद्राच्या अन्नतंत्रज्ञान संस्थांना सीईटी चालत नाही. तिथे जेईई मेन ही देशपातळीवरची परीक्षा लागते. राज्याचं नॉन-क्रिमीलेअरही तिथे उपयोगाचं नाही. केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र वेगळं काढावं लागतं, आणि जात केंद्राच्या यादीत आहे का ते आधी तपासावं लागतं.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की सगळे क्रमांक बघतात. प्रवर्गाचा रकाना बघा. कागद नाकारला गेला असेल तर तिथे तुम्ही ‘खुला’ दिसाल, आणि तक्रार करायला हातात दोन-तीनच दिवस असतात.

पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरावर खरोखर हवं तेच कॉलेज टाका. पहिलाच पर्याय मिळाला की पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. पर्याय भरून ‘कन्फर्म’ दाबलं नाही तर तो अर्ज न भरल्यासारखाच. मुलींनी आणखी एक बघावं: २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. ‘आमच्याकडे थेट सीट आहे, कॅपची कटकट कशाला’ असं एखादं कॉलेज म्हणालं, तर चार वर्षांची फी किती ते आधी कागदावर लिहून मागा.