बोलकी साधनं शिकवणं (एएसी)

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम नाहीतर बौद्धिक अक्षमतेमुळं ज्यांना बोलता येत नाही, किंवा ज्यांचं बोलणं घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही, त्यांना चित्रं, बटणं किंवा टॅबलेटवरून आपलं म्हणणं सांगायला शिकवणं म्हणजे एएसीचं (ऑगमेंटेटिव्ह अँड अल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन, बोलण्याला पूरक नाहीतर पर्यायी संवाद) शिक्षण. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं 'संवादा'च्या व्याख्येत ही साधनं धरलीत.

साधन महागच लागतं असं नाही. १९८५ साली अमेरिकेत निघालेल्या पेक्स पद्धतीत लेकरू चित्र उचलून समोरच्याच्या हातात देतं आणि वस्तू मिळवतं, बस. ॲपमध्ये चेन्नईचं आवाझ आहे, आयआयटी मुंबईचं जेलो तर मोफत आहे. आणि लाइट गेली की लॅमिनेट केलेला चित्रांचा तक्ताच खरा.

यात अर्धं शिकणं घरच्यांचंच. माय भाकरी थापता थापता तक्त्यावर 'गरम'वर बोट ठेवते, मग 'अजून'वर, लेकरू बघतंय न बघतंय तरी महिनोन्महिने आपणच दाखवत राहायचं, पीठ लागलं तर पुसायचं, लॅमिनेशन त्याच्यासाठीच तर असतं. विचारल्यावर जरा थांबायचं, लगेच दुसरा प्रश्न नको. हात धरून बटण दाबून घ्यायचं नाही, तसं केलं की शब्द धरणाऱ्याचेच निघतात, हे प्रयोगांत दिसलंय.

बहुतेक जण पाणी, जेवण, शू एवढीच चित्रं लावतात. 'नको' कुणीच लावत नाही! मग लेकरू ताट फेकतं आणि आपण म्हणतो लई हट्टी आहे. 'नको' लावलं की ते ऐकावं पण लागतं, निदान सुरुवातीला तरी. साधन दिलं की तोंडानं बोलायचं राहून जाईल ही भीती मात्र फुकाची, २००६ मध्ये आलेल्या एका आढाव्यात पक्का पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलंच होतं.

भाषेचं वेगळंच. टॅबलेट 'का' म्हणतो, घरात 'काहून' चालतं; तांड्यावर बंजाऱ्यांची गोरबोली, देगलूरकडं तेलुगू, संभाजीनगरात कितीतरी घरी उर्दू. म्हणून आजीच्या नाहीतर भावाच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं बटण बरं पडतं.

बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्याकडं निघतात, शाळेचा टॅबलेट कपाटात कुलुपात राहतो आणि लेकराचे शब्दही तिथंच. तक्त्याची एक झेरॉक्स पिशवीत टाकून दिली तर ती फडावर पोचते, पाचटात मळते, पण असते.