पातं कुठल्या बाजूला फिरतं?

पाऊस उघडला की नाशकात ब्रश कटरची, म्हणजे दांड्याच्या टोकाला फिरतं पातं असलेल्या गवत कापायच्या मशीनची, घरघर सुरू होते. गंगापूर रोडचे बंगले, लग्नाची लॉन्स, सोसायटीच्या कंपाउंडलगत कमरेएवढं माजलेलं गवत. नव्या मुलाला दोरी ओढून इंजिन चालू करायला दाखवतात आणि शिकवणी तिथेच आटोपते. वास्तविक पहिला धडा मशीन बंद असताना द्यायला हवा, आणि तो पात्याचा.

हिशेब करून बघा. २५ सेंटिमीटर व्यासाचं पातं मिनिटाला ७,००० फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ३३० किलोमीटर वेगाने धावते. आपली जमीन बेसाल्टची, गवतात काळी खडी असणारच. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की मार चौपट. त्यामुळे हरभऱ्याएवढा खडाही डोळा फोडू शकतो. आधी जागा पायी फिरून दगड, तारा, बाटल्या वेचायच्या. भोवती १५ मीटरपर्यंत कुणी नको, बघ्यांची पोरं तर नकोतच. डोळ्यांना सेफ्टी गॉगल हवा, उन्हाचा चालत नाही.

आता दिशा. बहुतेक ब्रश कटरचं पातं वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं. म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्यापासून दूर जाते, डावी आपल्याकडे येते. पुढची उजवी कड, घड्याळात १२ ते ३ असतात तेवढा भाग, बुंध्यावर किंवा दगडावर आदळली तर पातं अडतं आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने उलटा धक्का बसतो. अख्खा दांडा झटक्यात उजवीकडे फेकला जातो, धरणाराही फिरतो. म्हणून मशीनचा झोका उजवीकडून डावीकडे घ्यायचा आणि कापायचं ते पात्याच्या डाव्या बाजूने. इंजिन बंद ठेवून हाच झोका दहा-वीसदा घेऊन पाहिला की हाताला वळण लागतं. पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा गार्ड ‘मध्ये येतो’ म्हणून काढून ठेवणारे उस्ताद मी पाहिलेत. त्यांच्याकडून शिकू नये.

पात्याला गवत गुंडाळलं की इंजिन बंद करायचं, पातं पूर्ण थांबू द्यायचं, स्पार्क प्लगची टोपी काढायची, मगच हात घालायचा. चपलेवर काम नाही. बूट, फुल पँट, आणि गळ्यात लोंबता गमछा नको.

आवाजाचं गणित लोकांना पटत नाही, कारण कान दुखत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाज ८ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं. इअर मफ घालाच.

कंपनाचा त्रास वर्षांनी कळतो. मुठीतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा बिघडतात, गारठ्यात बोटं पांढरी पडतात, मुंग्या येतात. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी काम करणाऱ्याची बोटं अशी पांढरी पडू लागली, तर थंडीवर न ढकलता डॉक्टरांना दाखवावीत, आणि मशीनचे हादरे शोषणारे, झिजलेले रबर बुश बदलून घ्यावेत.