रोबोटिक शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियागृहातील प्रतिमा

रोबोटिक शस्त्रक्रिया म्हणजे लहान छिद्रांतून शरीरात घातलेली उपकरणे सर्जनने बाजूच्या कन्सोलवर (नियंत्रण-टेबलावर) बसून चालवण्याची पद्धत. यंत्र स्वतःहून काही कापत नाही. सर्जनच्या हाताची हालचाल लहान करून आणि तिच्यातला कंप काढून ते ती उपकरणाच्या टोकापर्यंत नेते. दा विंची यंत्रणेला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. एसएसआय मंत्रा ही भारतीय यंत्रणा त्यानंतर आली.

खरी तयारी आधीच्या सीटी स्कॅनपासून सुरू होते. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (परंपरा १८४२ पासूनची) सिंधुदुर्ग आणि कारवारकडचेही रुग्ण येतात. बाहेर स्कॅन झालेल्या रुग्णाने नुसती फिल्म न आणता सीडी आणावी. साधारण १ मिमी जाडीचे छेद संगणकावर जोडले की मूत्रपिंडाच्या रोहिणीचे फाटे मोजता येतात. फिल्मवरून ते जमत नाही.

पोटात कार्बन डायऑक्साइड १२ ते १५ मिमी पारा दाबाने भरतात. ८ मिमीचे पोर्ट (उपकरणे आत नेणाऱ्या नळ्या) एकमेकांपासून ६ ते ८ सेंमीवर घालतात. हे अंतर कमी पडले तर बाहेर यंत्राचे बाहू एकमेकांवर आदळतात. बाहू जोडल्यावर, टेबल यंत्राशी संलग्न नसेल तर, ते हलवायचे नाही. म्हणून टेबलाचा उतार आधीच भूलतज्ज्ञाशी ठरवून घेतात.

बहुतेक यंत्रांत स्पर्श जाणवत नाही. टाक्याचा ताण ऊतक किती ओढले जाते ते पाहूनच ओळखावा लागतो. नवशिक्याकडून धागा तुटतो तो इथेच. त्याहून धोक्याचे म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेलेले उपकरण. त्याने आतड्याला इजा झाली तरी पडद्यावर काहीच दिसत नाही.

इंडोसायनीन ग्रीन हा रंग शिरेतून दिला की अवरक्त कॅमेऱ्यात रक्तपुरवठा हिरवा चमकतो. मूत्रपिंडातली गाठ काढताना रोहिणीचा एकच फाटा दाबून रंग सोडतात: काळा राहिलेला भाग तेवढा रक्ताविना आहे. प्रकाश काही मिलिमीटरच आत शिरतो, त्यामुळे चरबीखालची वाहिनी दिसत नाही. पित्तनलिका दिसण्यासाठी हाच रंग किमान ४५ मिनिटे आधी द्यावा. ऐनवेळी दिला तर यकृताच्या झगमगाटात नलिका हरवते. रंगात आयोडाइड असल्याने अ‍ॅलर्जीची चौकशी आधी करतात.

गोव्याच्या पावसाळ्यात शस्त्रक्रियागृहाची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवायला नुसते थंड करणे पुरत नाही, हवा कोरडीही करावी लागते. थंड दुर्बीण उबदार, दमट पोटात शिरताच भिंग धुरकटते; ते गरम निर्जंतुक पाण्यात धरून पुसतात.

अचानक रक्तस्राव झाला किंवा हृदय थांबले, तर आधी बाहू सोडवावे लागतात. ऊतकाला धरून राहिलेला चिमटा किल्लीने उघडायचा, उपकरणे काढायची, मग बाहूंचा गाडा मागे घ्यायचा. ही किल्ली कुठे आहे हे रुग्णाजवळच्या साहाय्यकाला आणि स्क्रब नर्सला (निर्जंतुक उपकरणे हाताळणाऱ्या परिचारिकेला) शस्त्रक्रियेपूर्वीच ठाऊक हवे, आणि या क्रमाचा सराव सर्व चमूने मिळून करायला हवा.