‘डाय-कट’ म्हणतात त्या दोन गोष्टी

‘डाय घेऊ की मशीन घेऊ?’ नवरात्र उलटलं की हाताने सणांची कार्डं करणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. डाय म्हणजे कागदातून ठरावीक आकार कापणारा धारेचा साचा. प्रश्न मुळातच तिरपा आहे. डायलाही मशीन लागतं, आणि विचारणारीच्या मनात जे कॉम्प्युटरवरून कापणारं ‘मशीन’ असतं त्यात डाय नसतेच. गोंधळाला कारण मात्र आहे. दुकानात, यूट्यूबवर आणि पाकिटावरसुद्धा दोन्हीकडून निघालेल्या तुकड्याला ‘डाय-कट’च म्हणतात. कागदी पतंग, पणती, झेंडूचं फूल तळहातावर घेऊन बघितलं, तर ते कशातून निघालं हे पटकन सांगताही येत नाही.

करंजीचं उदाहरण पुरेसं आहे. एक करंजी साच्यात घालून दाबतात, दुसरी हाताने भरून तिची कड कातणाने कापतात. साच्याचा आकार आधी ठरलेला, दाब एकाच वेळी सगळीकडे. कातण हवं तसं फिरवता येतं, पण त्याला कडेकडेने पूर्ण चक्कर मारावी लागते आणि पारी मऊ असली तर ती ओढली जाते. डाय म्हणजे साचा, आणि कॉम्प्युटरला जोडलेलं कटिंग मशीन, ज्याला मी पुढे सरळ प्लॉटर म्हणेन, ते म्हणजे कातण. हौशी लोक हँडलवालं मशीन आणि विजेवरचं मशीन असा फरक करतात. त्यात अर्थ नाही, कारण विजेवर रोलर फिरवणारी डाय-मशीनंही मिळतात. खरा फरक धार कुठे आहे आणि ती कागदाला कशी भेटते यात आहे.

डायमध्ये आकार पोलादातच आहे. कार्डांसाठी हल्ली मिळते ती पातळ पत्र्याची डाय. तिच्या एका बाजूला आकाराच्या रेषेरेषेने धार उठवलेली असते. खाली प्लेट, तिच्यावर कागद, कागदावर धार टेकवून डाय, वर दुसरी प्लेट. ही चळत दोन रोलरांमधून हँडल फिरवून पार करायची, की कागद कापला गेला. दुसरी जात जाड डायची. तिच्यात लाकडात किंवा फोममध्ये बसवलेली पोलादी पट्टी असते आणि ती फेल्ट, कापड, एकावर एक ठेवलेले कागदही कापते. कार्डवाल्यांना तिची गरज क्वचितच पडते.

काम सोपं, पण खाचाखोचा आहेत, आणि त्या माहीत नसल्या की माणूस डायला दोष देतो. चौकोन किंवा पतंगासारखी सरळ कडांची डाय रोलरला समांतर ठेवू नये, किंचित तिरकी ठेवावी. समांतर ठेवली तर अख्खी धार एका क्षणी रोलरखाली येते, हँडल अडतं आणि कड अर्धवट कापली जाते. जाळीदार नक्षीची डाय असेल तर प्लेटखाली साध्या कागदाचे एकदोन तुकडे घालावेत, दाब वाढतो. तरी एखादा कोपरा सुटलाच तर चळत उलट्या दिशेने पुन्हा फिरवावी. नक्षीत कागद अडकून बसतो म्हणून डाय आणि कागद यांच्यामध्ये वॅक्स पेपरचा तुकडा घालतात. प्लेटवर ओरखडे पडणारच. दोन्ही बाजू आलटून पालटून वापरल्या नाहीत तर ती वाकते आणि मग काहीच नीट कापत नाही.

डायबाबत आपल्याकडची मोठी तक्रार म्हणजे आकार सगळे परदेशी सणांचे: सूचिपर्णी झाड, हरणं, बर्फाची चांदणी. तक्रार खरी आहे, पण अर्धीच. बर्फाच्या चांदणीला सहा हात असतात. ती पांढऱ्याऐवजी गेरूच्या रंगाच्या कार्डवर पांढऱ्या कागदात कापून लावा, कुणालाही ठिपक्यांची रांगोळीच दिसेल. कंगोरेदार कडांच्या गोल डायचा लहानमोठ्या मापांचा संच असतो. त्यातून केशरी आणि पिवळे गोल कापायचे, कडा बोटांनी चुरगाळायच्या आणि एकावर एक चिकटवायचे. हा झेंडू प्लॉटरच्या झेंडूपेक्षा चांगला होतो, कारण प्रत्येक गोलाची कड स्वच्छ असते आणि पाऊणशे गोल कापायला फारसा वेळ लागत नाही. लांबट पानाची कुठलीही डाय आंब्याचं पान होते. चौकोनी डाय कोनावर उभी केली की पतंग, आणि उत्तरायणानंतर गच्चीवर पडलेल्या फाटक्या पतंगांच्या कामट्यांतून ढढ्ढा (मधली उभी काडी) आणि कमान (आडवी वाकलेली काडी) मिळते. बारीक चिरून तीच कार्डावर लावावी. छापील रेघेपेक्षा ती शंभरदा बरी दिसते.

प्लॉटरमध्ये धार म्हणजे पेन्सिलच्या टोकाहून लहान पातं. मशीनला फाइल द्यायची, कागद चिकट मॅटवर बसवायचा, आणि पातं रेषेवरून ओढलं जातं. हे पातं स्वतःभोवती मोकळं फिरतं आणि त्याचं टोक फिरण्याच्या मध्यापासून जरा बाजूला असतं. रेषा वळली की पातं मागून वळतं. म्हणून गोलाई सुंदर निघते आणि टोकदार कोपऱ्यावर अडचण येते. कोपरा नीट यावा म्हणून मशीन थोडं पुढे जाऊन मग वळण घेतं, पण कागद भुसभुशीत असेल तर नेमका तिथेच तो उचलला जातो. कापून झाल्यावर मॅटवरून कागद ओढायचा नाही, मॅट पालथी करून तीच मागे वाकवायची, म्हणजे कागद सपाट राहतो. बहुतेकांच्या तुकड्यांना पडणारा बाक इथला असतो, कागदाच्या दर्जाचा त्यात दोष नसतो.

घराणी पाहिली तरी दोघांचा संबंध नाही. डाय आली चामड्याच्या धंद्यातून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बुटांचे तळ एकसारखे आणि भराभर कापायला असे साचे वापरात आले, मग ते खोके आणि छपाईकडे वळले. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये ‘पंचिंग’ म्हणतात ते हेच काम, प्लायवूडमध्ये बसवलेल्या पट्ट्यांच्या डायने केलेलं. प्लॉटरचं घराणं पाट्या रंगवणाऱ्यांचं. आपल्याकडे तो आधीपासून आहे, फक्त आपण त्याला रेडियमवाला म्हणतो. गाडीच्या काचेवरचं ‘जय माताजी’ किंवा ‘आई’ ज्या मशीनवर कापलं जातं, त्याचंच हे धाकटं घरगुती भावंड. पत्रिकांवर तपकिरी कडांची जाळी दिसते ती या दोन्हींतली नाही. ती लेझरची, आणि कडा तपकिरी असतात कारण कागद तिथे जळलेला असतो.

आता कागद. इथे डाय निर्विवाद पुढे आहे. हातकागद सुती चिंध्यांच्या लांब तंतूंचा असतो (पुण्याची हातकागद संस्था १९४० सालापासून तो करते आहे), आणि ओढत जाणाऱ्या पात्यात हे तंतू अडकतात. कड पिसारल्यासारखी निघते, शिवाय कागदाचं लव मॅटवर चिकटून तिचा चिकटपणा जातो. डाय वरून सरळ खाली दाबते, तिला तंतूंशी काही देणंघेणं नाही. चमकीचा कागद पातं लवकर बोथट करतो, डायचं त्याने फारसं बिघडत नाही. पतंगाचा तलम कागद दोघांनाही छळतो. मॅटवरून तो सुटा निघतच नाही. डायमध्ये मात्र तो साध्या कागदावर ठेवून दोन्ही एकदम कापले तर जमतं. राखी आणि गणपतीच्या दिवसांत आमच्या बडोद्याची हवा इतकी दमट असते की कार्डपेपर बोटालाच मऊ लागतो. त्या दिवसांत प्लॉटरचं नाजूक काम मी सुचवणार नाही.

इतकं सगळं डायच्या बाजूने सांगून झाल्यावर अक्षरांचा प्रश्न येतो, आणि तिथे पारडं पूर्ण फिरतं. ‘मेरी ख्रिसमस’च्या डाय ढिगाने मिळतील. आपल्या लिपीतल्या शोधाव्या लागतात, आणि मिळाली तरी मजकूर कंपनीने ठरवलेला. ‘चि. अमुकच्या पहिल्या बोरन्हाणास’ असं कुठल्याही पत्र्यावर कोरलेलं मिळणार नाही. प्लॉटरला कोणताही फाँट चालतो.

देवनागरीला इथे एक वरदान आहे, शिरोरेघ. ‘दीपावली’ कापा, अख्खा शब्द एका तुकड्यात हातात येतो, कारण सगळी अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली आहेत. पण आधी एक काम करावं लागतं. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा स्वतंत्र असते आणि शेजारची अक्षरं एकमेकांवर थोडी चढलेली असतात. तशीच फाइल दिली तर मशीन प्रत्येक सांध्यावर कापतं आणि शब्दाचे तुकडे पडतात. म्हणून अक्षरांचे आकार आधी एकमेकांत मिसळून घ्यायचे. इंकस्केप हे फुकट सॉफ्टवेअर देवनागरी नीट दाखवतं. त्यात मजकूर पाथमध्ये (म्हणजे नुसत्या बाह्यरेषांमध्ये) बदलून ‘युनियन’ केलं की झालं.

वरदानालाही भोकं आहेत. अनुस्वार हवेत असतो. ‘मकरसंक्रांत’ कापलं की दोन टिंबं मॅटवर राहतात आणि शब्द चुकीचा होऊन हातात येतो. ओंकाराची चंद्रकोर आणि बिंदू यांचंही तेच. आणि भ, ध, थ या अक्षरांच्या डोक्यावर डावीकडे रेघ तुटलेली असते. नेमका ‘शुभ’ हा शब्द, जो प्रत्येक कार्डावर लागतो, बहुतेक फाँटांत शु आणि भ असा दोन तुकड्यांत निघतो. उपाय म्हणजे फाइलमध्येच त्या फटीवर बारीक पट्टी ओढून रेघ जोडून टाकणं. छापील अक्षराच्या शिस्तीत ते बसत नाही, पण कार्ड बघणाऱ्याला ते खुपत नाही.

बडोद्यात गोष्ट इथे थांबत नाही. आपला दिवाळीचा पाडवा आणि गुजराती नववर्ष, बेसतुं वरस, एकाच दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. दांडिया बाजारातल्या मराठी घरातून त्या दिवशी जितकी कार्डं मराठी माणसांना जातात, तितकीच शेजारच्या गुजराती घरांतही. आणि गुजरातीला शिरोरेघच नाही. ‘साल मुबारक’ गुजरातीत कापलं तर अक्षरं सुटी, बहुतेक फाँटांत काना अक्षरापासूनही सुटा. ते एकेक चिकटवत बसणं म्हणजे शिक्षा. अशा वेळी उलटं कापावं: कार्डाच्या पुढच्या पानातून अक्षरांच्या जागा कोरून काढायच्या आणि मागून भडक कागद लावायचा. आता सुटेपणा आड येत नाही. आता अडचण बंद पोटांची. देवनागरी व, ब, क यांच्या पोटातला कागद चहूबाजूंनी कापला गेल्यामुळे खाली पडतो, आणि तो धरून ठेवायला फाइलमध्ये छोटे पूल सोडावे लागतात. गुजराती अक्षरांना अशी बंद पोटं कमी. म्हणून मी मराठी मजकूर उठून दिसणारा सुटा शब्द म्हणून कापते आणि गुजराती मजकूर जाळीसारखा कोरते. एकाच मशीनवर दोन लिप्यांना दोन वेगळ्या रीती लागतात, आणि दुकानदार हे सांगत नाही.

खर्चाचं गणित लोक उलटं करतात. प्लॉटर महाग म्हणून डाय स्वस्त असं वाटतं, पण प्रत्येक नव्या आकाराला नवी डाय लागते आणि कपाट भरत जातं. दुसऱ्या बाजूला, डाय एकदा घेतली की ती तुमची. प्लॉटरचं तसं नसतं. प्लॉटर बनवणाऱ्या क्रिकट कंपनीने मार्च २०२१मध्ये जाहीर केलं होतं की तिचं सॉफ्टवेअर फुकट वापरणाऱ्यांना त्यात महिन्याला फक्त २० फाइली चढवता येतील. ग्राहक इतके खवळले की निर्णय मागे घ्यावा लागला. घरात असलेलं मशीन कंपनीच्या मर्जीवर किती चालतं, हे त्या निमित्ताने अनेकांना पहिल्यांदाच कळलं. प्लॉटर घेणारच असाल तर त्याचं सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं का, हे रंग आणि रुंदी विचारण्याआधी विचारा.

माझ्या मते सुरुवात डायने करावी: छोटं हँडलवालं मशीन, कंगोरेदार गोलांचा संच, चौकोनांचा संच, एखादं पान. वर्षभराचे सण यात निघतात. अक्षरांसाठी लगेच प्लॉटर घ्यायची गरज नाही, जवळच्या रेडियमवाल्याकडे जा. तो कापतो ते चिकट व्हायनल, म्हणजे कागदावर चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ थर, आणि त्याचं पातं वरचा थर कापतं, खालचा कागद तसाच ठेवतं. त्यामुळे अनुस्वार, सुटा काना, ‘शुभ’मधली फट यांपैकी काहीच नडत नाही. सगळे तुकडे जागच्या जागी राहतात आणि वरून टेप लावून एकदम उचलता येतात. फाइल कोरलमध्ये (कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरमध्ये) नेलीत तर अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे बाह्यरेषांत बदलून, न्या, नाहीतर त्याच्याकडे तुमचा फाँट नसेल आणि जोडाक्षरं फुटतील. टेप लावूनच द्या, असं आधी सांगा. आणि हे व्हायनलचं अक्षर गुळगुळीत कार्डावरच लावा, हातकागदावर त्याच्या कडा सुटतात.