नाकावरची पट्टी आणि शहाळ्यातली नळी

रविवारी सकाळी ठाण्यात उपवन तलावाच्या काठाने किंवा नवी मुंबईत पाम बीच रोडवर पळणाऱ्यांपैकी एखाद्याच्या नाकावर हल्ली आडवी चिकटपट्टी दिसते. दुखापतीची नव्हे, 'जास्त ऑक्सिजन मिळावा' म्हणून लावलेली. संध्याकाळी राम मारुती रोडवरच्या मेडिकलात गेलात तर तीच पट्टी 'घोरणं बंद' अशा नावाखाली काउंटरवर असते. धावणाऱ्याचा दम आणि झोपणाऱ्याचं घोरणं असे दोन दावे एकाच पट्टीच्या नावावर आहेत. त्यातला पहिला चटकन निकालात काढता येतो.

शांत बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत घेतो आणि ती नाकातून आरामात जाते. श्रम वाढत गेले आणि हा आकडा मिनिटाला ३५-४० लिटरच्या आसपास पोचला, की बहुतेकांचं तोंड आपोआप उघडतं. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये जोरात पळणारा याच्या बराच पुढे गेलेला असतो. पुढचा दरवाजा सताड उघडा असताना बाथरूमची खिडकी थोडी जास्त उघडून घरात वारा वाढत नाही. निरोगी धावपटूंवर झालेल्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर पट्टीमुळे त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढलेली दिसत नाही. मुळात ही पट्टी खेळासाठी जन्मलीच नव्हती. ब्रूस जॉन्सन या अमेरिकी माणसाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस ती रात्री चोंदणाऱ्या स्वतःच्या नाकासाठी तयार केली. १९९३ मध्ये तिला तिथल्या औषध प्रशासनाची परवानगी मिळाली आणि नंतर ती अमेरिकन फुटबॉलवाल्यांच्या नाकावर चढून टीव्हीवर गाजली.

घोरण्याचा दावा मात्र असा झटकून टाकता येत नाही, कारण त्यामागचं भौतिकशास्त्र खरं आहे आणि सुंदरही आहे.

नाक चिमटीत धरून बोटं वरून खाली आणा. वरचा तिसरा भाग टणक, तो हाडाचा. चष्मा टेकतो तो इथेच. त्याखाली बोटांना मऊ, लवचीक कूर्चा लागते आणि सगळ्यात खाली नाकपुडीचा फुगीर भाग येतो. हाड संपतं आणि फुगवटा सुरू होतो त्या पट्ट्यात, आतल्या बाजूला, श्वासमार्गातली सगळ्यात अरुंद फट असते. बाजूची कूर्चा तिथे मधल्या पडद्याला जेमतेम १०-१५ अंशांच्या कोनात भेटते. डॉक्टर तिला नेझल व्हॉल्व्ह म्हणतात. हे नाव मिंक नावाच्या संशोधकाने १९०३ मध्ये वापरलं. नाकापासून फुप्फुसापर्यंतच्या वाटेतला जवळपास निम्मा अडथळा एकट्या नाकात असतो आणि नाकातला मोठा वाटा या फटीचा.

दोन्ही बाजू मिळून या फटीचं क्षेत्रफळ साधारण १ चौरस सेंटिमीटर धरू, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. शांत श्वासात अर्धा लिटर हवा २ सेकंदांत आत जाते. म्हणजे सेकंदाला २५० घन सेंटिमीटर हवा १ चौरस सेंटिमीटरमधून, सरासरी वेग सेकंदाला अडीच मीटर. श्वासाच्या मध्यावर तो ४ मीटरपर्यंत जातो. आता बर्नुलीचा नियम शाळेतून आठवा: वेग वाढला की दाब घटतो, आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर घेऊन गणित केलं तर ४ मीटर वेगाला दाब सुमारे १० पास्कलने कमी होतो. हा १ मिलिमीटर उंच पाण्याच्या थराचा दाब, किरकोळ. कूर्चा तो सहज सोसते.

आता आरशासमोर उभं राहून नाकाने जोरात हवा ओढा. प्रवाह सेकंदाला दीड लिटरवर गेला तर फटीतला वेग १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर होतो. दाबातली घट १० वरून जवळपास १३५ पास्कलवर जाते. वेग पावणेचार पट झाला की ओढ चौदापट! नाकाच्या बाजू आत खेचल्या जाताना डोळ्यांनी दिसतात. फट अरुंद झाली की वेग आणखी वाढतो, वेग वाढला की दाब आणखी पडतो, आणि भिंत आणखी आत येते. जितकं ओढाल तितकं बंद होतं.

पट्टी नेमकी इथे काम करते. कापडी पट्टीत प्लॅस्टिकच्या दोन समांतर पातळ स्प्रिंग असतात. नाकावर वाकवून चिकटवल्या की त्या सरळ व्हायला बघतात आणि भिंतींना बाहेर ओढून धरतात. ओढ फक्त २०-३० ग्रॅमची असते, पण तेवढी पुरते, कारण अडथळा क्षेत्रफळाच्या साध्या प्रमाणात बदलत नाही. संथ प्रवाहात नळीचा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे क्षेत्रफळाच्या वर्गाच्या. वेगामुळे पडणारा दाबही क्षेत्रफळाच्या वर्गानेच बदलतो. दोन्ही हिशेब एकाच जागी येतात: फट २० टक्क्यांनी रुंदावली तर १.२ गुणिले १.२ बरोबर १.४४, आणि फटीतला अडथळा सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो.

पण घोरण्याचा आवाज नाकातून येत नाही. तो मागून, मऊ टाळू, पडजीभ आणि जिभेच्या बुडाच्या थरथरण्यातून येतो. मग नाक उघडून घशाला काय फायदा?

शहाळ्यात घातलेली कागदी नळी डोळ्यांसमोर आणा. दहा मिनिटांत ती भिजून मऊ पडते. तरीही पाणी नीट येतं. मग खाली तोंडाशी मलईचा तुकडा अडकतो, आपण जोर लावतो, आणि नळी मध्येच चपटी होते. नळीत दोष मलईच्या जागी, चपटी झाली दुसऱ्याच जागी. नाक म्हणजे मलईचं टोक आणि घसा म्हणजे भिजलेली नळी. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. नाकात अडथळा असेल तर छाती जास्त जोराने ओढते आणि तो वाढलेला ऋण दाब मऊ घशावर येतो. भिंती जवळ येतात, फडफडतात, आवाज होतो. मलई काढली की भिजलेल्या नळीनेही काम भागतं. ज्याचं घोरणं नाकाच्या अडथळ्यातून सुरू होतं त्याला पट्टीने फरक पडतो तो असा.

आणि ज्याची नळीच पार लगदा झाली आहे, त्याला पडत नाही. आकडे पाहा. साधारण मोकळ्या नाकात शांत श्वासासाठी एकूण ५-६ मिलिमीटर पाण्याइतका दाब खर्च होतो. त्यातला निम्मा फटीत, त्यातले ३० टक्के पट्टी वाचवते: हाती उरतो जेमतेम १ मिलिमीटर. चोंदलेल्या नाकात काही पट जास्त. याउलट स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत घसा पुन्हा पुन्हा बंद पडण्याच्या आजारासाठी, सीपॅप यंत्र वापरतात. कॉलिन सलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये सिडनीत दाखवलं. ते ओढ कमी करत नाही, बाहेरून हवा दाबून घसा फुगवून ठेवतं, आणि त्यासाठी ४० ते २०० मिलिमीटर पाण्याचा दाब लागतो. १ मिलिमीटर कुठे आणि १०० कुठे!

म्हणूनच 'नळी नाही, मास्क नाही, नाकपुडीत बसणारं बॅटरीवरचं सीपॅप' अशी जाहिरात फोनवर आली की एक गुणाकार करावा. दाब १००० पास्कल, प्रवाह सेकंदाला अर्धा लिटर, म्हणजे अर्धा वॉट. आठ तासांचे ४ वॉट-तास. इवल्याशा पंख्याची कार्यक्षमता २५ टक्के धरली तरी १६. ही जवळपास आख्ख्या मोबाइलच्या बॅटरीची ऊर्जा झाली, आणि ती नाकाला लटकवायची. लोहचुंबकाची क्लिप आणि करंगळीत घालायची 'घोरणंबंद' अंगठी यांना तर एवढं गणितही लागत नाही. फट चुंबकाने रुंद होत नाही आणि करंगळीतून घशाला जाणारी कळ अजून कुणाला सापडलेली नाही.

पट्टी खऱ्या गरजवंताच्याही नाकावर फसते, बहुतेकदा चुकीच्या जागी लावल्याने. हाडावर लावली तर स्प्रिंग कितीही ओढो, हाड हलत नाही. हाड संपतं तिथून खाली, पण नाकपुडीच्या फुगवट्याच्या जरा वर, ही जागा. आपल्याकडे दुसरी अडचण घामाची आणि तेलाची. मे महिन्यात ठाण्याच्या दमट रात्री पट्टीचं एक टोक पहाटेपर्यंत सुटलेलं असतं. नाक साबणाने धुवायचं, पूर्ण कोरडं करायचं, क्रीम किंवा तेल नको. मधोमध ठेवून आधी एक बाजू, मग दुसरी, आणि दोन्ही टोकं अर्धा मिनिट चोळायची, कारण गोंद बोटांच्या उबेने धरतो. सोलवटलेल्या किंवा उन्हाने भाजलेल्या कातडीवर लावू नये, दिवसाला १२ तासांहून जास्त ठेवू नये. काढताना ओरबाडायची नाही. कोमट पाण्याने भिजवून दोन्ही टोकांकडून मध्याकडे सोडवायची.

गोंद सोसत नसेल तर नाकपुडीत घालायचे सिलिकॉनचे दोन शंकू मिळतात, मध्ये पुलाने जोडलेले. ते धुऊन पुन्हा वापरता येतात. लहान माप निसटतं, मोठं पडद्याला घासून खपली आणतं. खपली दिसली की काही दिवस बंद.

पट्टीचा उपयोग होईल का, हे विकत घेण्याआधी फुकट तपासता येतं. नाकाशेजारच्या गालावर दोन बोटं ठेवून गाल हलकेच बाहेर, कानाकडे ओढा आणि श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर अडचण फटीत असण्याची शक्यता आहे. काहीच फरक नाही वाटला तर चोंदण मागे, टर्बिनेटच्या (नाकाच्या आतल्या भिंतीवरच्या मांसल घड्यांच्या) सुजेत असू शकते. पट्टी तिथे पोचत नाही. दमट हवेत गादी-उशीत वाढणारे धूळकण-किडे, पावसाळ्यातली ओल आलेली भिंत, न धुतलेली एसीची जाळी ही त्या सुजेची आपल्या भागातली नेहमीची कारणं. त्यावर नाक मोकळं करणारे झायलोमेटॅझोलिनसारखे थेंब आठवडाभराहून जास्त घातले तर ते उतरताच सूज उलटून येते, आणि माणूस थेंबांचाच गुलाम होतो. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून गार केलेलंच घ्यावं, अर्ध्या लिटरला ५ मिलीचा सपाट पाऊण चमचा मीठ. नळाच्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत गेल्याची प्रकरणं क्वचित असतात, पण जीवघेणी असतात.

'पट्टी लावूनही एक नाकपुडी बंदच' ही तक्रार मात्र तक्रार नव्हे. टर्बिनेटमधल्या रक्तवाहिन्या काही तासांच्या पाळीने एका बाजूला फुगतात, दुसऱ्या बाजूला ओसरतात. कायझर या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये याची नोंद केली, आणि स्वरयोगवाल्यांनी चंद्रस्वर-सूर्यस्वर म्हणून त्याच्या कितीतरी आधी. निरीक्षण पक्कं होतं. उजवी नाकपुडी चालू असताना निघालं तर काम फत्ते होतं, हा पुढचा भाग मात्र नाकाला ठाऊक नाही.

तोंड उघडून घोरणाऱ्यालाही पट्टीचा उपयोग नाही. ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीच्या आतच मान मागे टाकून झोपलेले प्रवासी पाहा: जबडा खाली, जीभ मागे, हवा नाकाला बगल देऊन जाते. म्हणून रात्री तोंडाला चिकटपट्टी लावायची टूम निघाली आहे. नाक चोंदलेल्या माणसाने हे करणं म्हणजे दोन्ही दरवाजे बंद करून आत बसणं.

चाचणी घ्यायचीच तर सहा रात्री घ्या, एक आड एक रात्र पट्टी. फोन उशीपासून हातभर दूर ठेवून रेकॉर्डिंग चालू करा. दारू, जागरण, उताणं झोपणं यांनी घोरणं वाढतं, म्हणून सहाही रात्री या बाबी सारख्याच ठेवा. ऐकताना आवाजापेक्षा शांततेकडे कान द्या. घोरणं चालू आहे, मग एकदम बंद, दहा सेकंद किंवा जास्त काहीच नाही, आणि मग गुदमरल्यासारखा मोठा हुंकार, असं वारंवार होत असेल तर पट्टीने आवाज खाली आला तरी त्याला यश समजू नका. त्यात गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त असेल, रक्तदाब असेल, दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून झोपेची तपासणी करून घ्यावी. त्यात तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा उथळ झाला ते मोजतात. ५ ते १५ म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र.