गॅस टर्बाइनमधील शीतलन आणि सीलिंग

गॅस टर्बाइनच्या तापलेल्या भागांतील धातू टिकावा आणि गरम वायू व तेल आपली जागा सोडून भलतीकडे शिरू नयेत, यासाठी इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरमधूनच थोडी हवा काढून इंजिनभर खेळवली जाते. या व्यवस्थेला दुय्यम वायुप्रणाली म्हणतात. हे नाव तिच्यावर अन्याय करणारे आहे, कारण ती बंद पडली तर टर्बाइन फार काळ तग धरू शकत नाही. शीतलन आणि सीलिंग पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात, पण इंजिनात दोन्ही याच हवेवर चालतात. आधुनिक इंजिनाच्या गाभ्यातून जाणाऱ्या हवेपैकी जवळपास पाचवा हिस्सा या कामी लागतो. कॉम्प्रेसरने मेहनतीने दाबलेली ही हवा ज्वलनकक्षात जातच नाही. त्यामुळे सीलमधून विनाकारण निसटलेली हवा इंधनाच्या खर्चात दिसते.

टर्बाइनमध्ये शिरणारा वायू आज १५०० ते १७०० अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. पाती ज्या निकेल मिश्रधातूची ओततात, तो १३०० ते १४०० अंशांच्या दरम्यान वितळू लागतो आणि त्याच्या बऱ्याच आधी नरमतो. त्यात फिरत्या पात्यावर केंद्रापासून बाहेरच्या दिशेने काही टनांची ओढ असते. या ओढीने गरम धातू हळूहळू ताणला जातो, त्याला क्रीप म्हणतात. धातूचे तापमान वीस-तीस अंशांनी वाढले तरी पात्याचे आयुष्य निम्म्यावर येऊ शकते. थंड करायला वापरतात ती हवाही कॉम्प्रेसरच्या शेवटी ६०० अंशांच्या पुढे गेलेली असते. इथे ‘थंड’ म्हणजे धातूपेक्षा कमी तापलेली, एवढेच.

उच्चदाब टर्बाइनचे एखादे पाते मधोमध कापले की आतली रचना दिसते. हवा मुळाच्या बुडातल्या भोकांतून आत येते आणि नागमोडी वाटांनी वरखाली फिरते. भिंतींवर तिरक्या बारीक पट्ट्या असतात. हवा त्यांच्यावर अडखळते, घुसळते आणि जास्त उष्णता उचलते. सर्वाधिक तापणाऱ्या पुढच्या कडेवर आतून हवेचे झोत आदळवतात. मागच्या निमुळत्या कडेत लहान खुंट्यांची रांग असते, त्यांच्यामधून वाट काढत उरलेली हवा बाहेर पडते. एवढी गुंतागुंत ओतकामात आणण्यासाठी साच्यात चिनीमातीसारख्या पदार्थाचा गाभा ठेवतात आणि ओतून झाल्यावर तो अल्कलीत विरघळवून काढतात.

पात्याच्या पृष्ठभागावर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तिरपी छिद्रे असतात. त्यांतून निघालेली हवा पात्याला चिकटून वाहते आणि गरम वायू व धातू यांच्यामध्ये पातळ थर धरते. इथे जास्त हवा सोडणे म्हणजे जास्त संरक्षण नव्हे. झोत फार जोरात निघाला तर तो पृष्ठभागापासून सुटतो, त्याच्या खाली गरम वायू शिरतो आणि छिद्र असूनही धातू भाजतो. थराच्या जोडीला यिट्रियामिश्रित झिर्कोनिया या उष्णतारोधक पदार्थाचा पातळ लेप असतो, पण आतून शीतलन चालू असेल तरच तो उपयोगी पडतो. उष्णता वाहून नेणारे पलीकडे कोणी नसेल, तर लेपाखालचा धातूही शेवटी तितकाच तापतो.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन युमो ००४ इंजिनात पत्र्याची पोकळ, हवेने थंड होणारी पाती वापरली गेली. निकेलची टंचाई हे त्यामागचे मोठे कारण होते.

सीलिंगचे काम अधिक अवघड आहे, कारण एक भाग स्थिर असतो आणि दुसरा मिनिटाला हजारो फेरे फिरतो. लॅबिरिंथ सील हा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वाधिक वापरला जाणारा उपाय. त्यात एकामागोमाग धारदार दाते असतात. प्रत्येक दात्याच्या फटीतून हवा जोराने निसटते, पुढच्या पोकळीत तिचा वेग घुसळणीत जिरतो आणि दाब पायरीपायरीने उतरतो. गळती थांबत नाही, कमी होते. दात्यांसमोर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पातळ पत्र्याची पट्टी लावतात, म्हणजे घासणूक झालीच तर पट्टी झिजते आणि दाते वाचतात. ब्रश सीलमध्ये कोबाल्ट मिश्रधातूच्या केसाइतक्या बारीक तारा फिरण्याच्या दिशेने कलत्या बसवतात. शाफ्ट हलला तर त्या वाकतात आणि पुन्हा जागेवर येतात.

सर्वांत नाजूक जागा डिस्कची, म्हणजे पाती ज्या चकतीच्या परिघावर बसवतात तिची, कड. फिरती डिस्क आपल्या लगतची हवा बाहेर फेकते आणि तिची जागा घ्यायला मुख्य वाटेतला गरम वायू फटीतून आत ओढला जातो. त्याला रोखण्यासाठी पोकळीत आतून सतत हवा भरावी लागते. इथे मात्र काटकसरीला मर्यादा हवी. पाते तुटले तर इंजिनाचे बाहेरचे कवच, म्हणजे केसिंग, त्याला अडवू शकते. पण डिस्क तापून फुटली तर तिचे तुकडे अडवणारे केसिंग विमानात बसवता येत नाही.

बेअरिंगच्या कप्प्यांभोवतीही दाबाची हवा राखतात, म्हणजे गळती झालीच तर ती आतल्या बाजूला होते आणि तेल बाहेर येत नाही. तेल बाहेर आले तर काय होते, हे ४ नोव्हेंबर २०१० रोजी क्वांटासच्या ए-३८० विमानाच्या उड्डाण ३२ मध्ये दिसले. तिथे दोष सीलचा नव्हता, एक तेलनळी तडकली होती. टर्बाइनजवळच्या पोकळीत तेल पेटले, डिस्क शाफ्टपासून सुटली आणि अतिवेगाने फिरून फुटली. विमान सिंगापूरला सुखरूप उतरले.

पात्याचे टोक आणि केसिंग यांमधली फटही हवेनेच सांभाळतात. विमान स्थिर उंचीवर आले की केसिंगवर बाहेरून पंख्याची हवा सोडतात. केसिंग आकसते, फट मिलिमीटरच्या अंशांनी कमी होते आणि इंधन वाचते.

या साऱ्या व्यवस्थेला धूळ आणि राख फार छळतात. १९८२ मध्ये जावाजवळ गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. वितळलेली राख टर्बाइनमध्ये चिकटली, आणि ती थंड होऊन सुटल्यावरच इंजिने पुन्हा चालू झाली. रोजची धूळ इतकी नाट्यमय नसते. ती आतल्या वळणांवर साचत जाते आणि एखादे छिद्र बुजवते. तपासणीत बोरस्कोप, म्हणजे आत डोकावण्याची बारीक दुर्बीण, आत घातला की त्या छिद्राच्या पुढे, हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, लेप उडालेला आणि धातू काळवंडलेला एक लांबट डाग दिसतो.