शाळा-इमारत रोखे (कॅलिफोर्निया)

सरकारी शाळांच्या इमारती बांधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी स्थानिक मतदारांची मंजुरी घेऊन काढलेले दीर्घ मुदतीचे कर्ज. अमेरिकेच्या अनेक राज्यांत ही पद्धत आहे. या नोंदीत कॅलिफोर्नियाचा विचार केला आहे. तिथे रोजच्या बोलण्यात याला नुसते ‘बाँड’ म्हणतात आणि मतपत्रिकेवर ‘मेझर’ या शब्दापुढे एखादे अक्षर येते : मेझर के, मेझर जी. शिक्षकांचे पगार आणि इतर चालू खर्च बहुतांशी राज्याच्या निधीतून व नेहमीच्या करांतून भागतो. हायस्कूलचे छत गळू लागले, प्रयोगशाळेतली गॅसची नळी जुनी झाली, की मात्र ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ला मतदारांपुढे जावे लागते. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे महसुली जिल्हा नव्हे, तर निवडून आलेल्या मंडळाने चालवलेली, फक्त शाळांपुरती स्थानिक संस्था.

या पद्धतीची आजची घडण १९७८ पासून सुरू होते. त्या वर्षीच्या ‘प्रॉपोझिशन १३’ने (प्रॉपोझिशन म्हणजे राज्यभरच्या मतदारांपुढे ठेवलेला प्रस्ताव) मालमत्ता कर मूल्यांकनाच्या १ टक्क्यावर बांधून टाकला आणि मूल्यांकनाची वाढ वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के ठरवली. घर विकले गेले की मगच नवी किंमत धरायची. नव्या स्थानिक रोख्यांची वाट त्यामुळे बंद झाली. १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली, पण दोन-तृतीयांश मतांच्या अटीवर. ६५ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटले तरी प्रस्ताव पडायचा. मार्च २००० मध्ये ही अट साध्या बहुमतावर आणण्याचा प्रयत्न हरला; नोव्हेंबरमध्ये ‘प्रॉपोझिशन ३९’ने ५५ टक्क्यांची मधली वाट काढली.

ही सवलत अटींसह मिळाली. कामांची यादी आधी जाहीर करायची. पैसा पगारावर खर्च करायचा नाही. दरवर्षी हिशेबांची आणि कामांची तपासणी करून घ्यायची. शिवाय किमान ७ नागरिकांची देखरेख समिती नेमायची. तीत पालक, ज्येष्ठ नागरिक, व्यापारी आणि करदात्यांच्या संघटनेचा माणूस असतो. डिस्ट्रिक्टचे कर्मचारी आणि कंत्राटदार चालत नाहीत. या पद्धतीत सर्वांत मोलाची गोष्ट ही समितीच आहे. तिच्या बैठका खुल्या असतात आणि आपल्या हायस्कूलच्या खिडक्यांवर किती खर्च झाला, हे कोणीही जाऊन विचारू शकतो.

मतपत्रिकेवरचा प्रश्न ७५ शब्दांत बसवावा लागतो. गळकी छपरे, जुनी वायरिंग, भूकंपसुरक्षा, कर्जाची रक्कम, कराचा अंदाजे दर, तो किती वर्षे चालेल, सगळे त्यातच. खाली दोन पर्याय : ‘बाँड्स—येस’ आणि ‘बाँड्स—नो’. सरकारी पैशातून प्रचार करण्यास बंदी असल्याने डिस्ट्रिक्ट फक्त माहिती देते. दारोदार फिरतात ते पालक.

मंजुरीनंतर रोखे टप्प्याटप्प्याने बाजारात विकले जातात. त्यांच्या व्याजावर केंद्रीय प्राप्तिकर नसल्याने गुंतवणूकदार कमी व्याज स्वीकारतात. परतफेडीचा पैसा मालमत्ता कराच्या बिलातून येतो. ५५ टक्क्यांच्या वाटेने जाणाऱ्या, फक्त हायस्कुले चालवणाऱ्या डिस्ट्रिक्टला एका प्रस्तावापोटी दर १ लाख डॉलर मूल्यांकनामागे वर्षाला ३० डॉलरपेक्षा जास्त दर अंदाजता येत नाही. उदाहरण घ्यायचे तर २४ लाखांना नुकतेच घर घेणाऱ्या कुटुंबावर वर्षाला ७२० डॉलर येतील. शेजारच्या तशाच घरात, ते ४० वर्षांपूर्वी २ लाखांना घेऊन राहिलेल्या आजीआजोबांवर साधारण १३२ डॉलर. दोन्ही घरांची मुले-नातवंडे एकाच वर्गात बसतात.

सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी कुटुंबांना हे बिल चांगले ओळखीचे आहे. कूपर्टिनो-सनीव्हेल भागातल्या फ्रीमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (नाव फ्रीमॉन्ट असले तरी फ्रीमॉन्ट शहराशी त्याचा संबंध नाही) ५ हायस्कुले आहेत. तिथे मतदारांनी २००८ मध्ये १९ कोटी ८० लाख, २०१४ मध्ये २९ कोटी ५० लाख, तर २०१८ आणि २०२२ मध्ये प्रत्येकी २७ कोटी ५० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले. एच-वन-बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेला घरमालक हा कर भरतो, पण नागरिक नसल्याने त्याला या प्रस्तावावर मत देता येत नाही. ही उणीव मोठी आहे. अनेक आईबाप त्यामुळे मुलांच्या शाळेच्या निर्णयात फक्त बिल भरण्यापुरते उरतात.

इमारती महाग का पडतात, याचे एक कारण १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात आहे. संध्याकाळची वेळ होती म्हणून वर्ग रिकामे होते. सुमारे ७० शाळा जमीनदोस्त झाल्या. महिन्याभरात ‘फील्ड अ‍ॅक्ट’ आला आणि शाळांच्या आराखड्यांची तपासणी राज्याच्या वास्तुशिल्प विभागाकडे गेली. हा खर्च कोणी वाचवू नये.

खरा अन्याय जमिनीच्या भावात आहे. तोच दर लावून महागड्या भागात भरपूर पैसा उभा राहतो, शेतमजुरांच्या गावात फार थोडा. राज्य जोड-निधी देते : नव्या बांधकामाला साधारण निम्मा, नूतनीकरणाला ६० टक्के. पण स्थानिक वाटा आधी उभा करावा लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १,००० कोटी डॉलरच्या ‘प्रॉपोझिशन २’ने गरजू डिस्ट्रिक्टना थोडा जास्त वाटा दिला, दरी त्याने बुजलेली नाही.

कर्ज कसे काढले जाते, याकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. सॅन दिएगो परगण्यातल्या पोवे डिस्ट्रिक्टने कराचा दर वाढू न देण्याचे वचन पाळायचे म्हणून २०११ मध्ये सुमारे १० कोटी ५० लाख डॉलर असे उचलले, की पहिली दोन दशके काहीच फेडायचे नाही. चक्रवाढ व्याजामुळे एकूण परतफेड ९८ कोटींच्या आसपास गेली. गवगवा झाल्यावर २०१३ च्या कायद्याने अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांवर आणि परतफेड मुद्दलाच्या चौपटीवर आणली. पोवेचे कर्ज त्याआधीचे. त्याचे हप्ते २०३३ पासून सुरू होतील.